संग्रहालयाचे दार आणि जनतेचा हक्क



एप्रिल २००३ मध्ये बगदाद शहर पडले, त्या गोंधळात तेथील इराक संग्रहालय लुटले गेले. सुमारे १५,००० वस्तू चोरीस गेल्या. मी वकील आहे. चोरीच्या मालाचे खटले मी पाहिले आहेत. परंतु येथे फिर्यादी कोणी एक मनुष्य नव्हता. सारी प्रजाच फिर्यादी होती.

मे २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने १४८३ क्रमांकाचा ठराव करून असा माल परत मिळवून देण्याचे बंधन सर्व राष्ट्रांवर घातले. वस्तू आणून देणाऱ्यास शिक्षा नाही, असेही बगदादमध्ये जाहीर झाले. तेव्हा उरुकचे सुमारे ५,००० वर्षांचे दगडी पात्र, भग्न स्थितीत का होईना, जूनमध्ये परत आले.

पण माल परत आला म्हणजे हक्क परत आला काय? नाही. २००९ साली उद्घाटनाचा समारंभ झाला. तरी दार जनतेस रीतसर खुले झाले ते २८ फेब्रुवारी २०१५ रोजी. दोनच दिवसांपूर्वी मोसूलच्या संग्रहालयातील मूर्ती फोडल्याची दृश्ये जगाने पाहिली होती. त्या घणाला बगदादने उघड्या दाराने उत्तर दिले.

कुलपाआडचा ठेवा कागदोपत्रीच जनतेचा असतो. म्हणून आपल्या शहरातील संग्रहालय बंद असेल, तर लेखी अर्ज करून विचारा : दार केव्हा उघडणार? आणि ते उघडेल त्या दिवशी मुलांचा हात धरून आत जा.