स्वतः आखलेली पदवी आणि तिचे मोल



दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो : कला, वाणिज्य की विज्ञान? या तिन्ही चौकटींत न मावणारा विद्यार्थी प्रत्येक शाळेत असतो. अशांसाठी न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने १९७१ साली एक पदवी सुरू केली. तेथे विद्यार्थी आपला मुख्य विषय स्वतः मांडतो, प्राध्यापक मार्गदर्शकाची संमती मिळवतो आणि विद्यापीठाच्या निरनिराळ्या महाविद्यालयांतून १२० श्रेयांक जमवतो. या वर्गात नुकताच शाळा सोडलेला तरुण असतो, तशी मुले मोठी झाल्यावर अर्धवट राहिलेले शिक्षण पुन्हा हाती घेणारी आईही असते.

ही विविधता आपोआप आलेली नाही. या विद्यापीठाचे मूळ १८४७ सालच्या विनामूल्य अकादमीत आहे. १९७० मध्ये प्रवेशाची दारे सर्वांना उघडली आणि कृष्णवर्णीय व प्वेर्तो रिकन विद्यार्थी मोठ्या संख्येने आले. पुढे सहाच वर्षांत, १९७६ मध्ये, शहर आर्थिक संकटात सापडले आणि शुल्क लागू झाले. सव्वाशे वर्षे फुकट मिळालेले शिक्षण गरिबांची पाळी येताच महागावे, हा योगायोग मोठा बोचरा आहे. विद्यार्थिसंख्या झपाट्याने घटली.

त्याच शहरातील खासगी न्यूयॉर्क विद्यापीठात १९७२ पासून याच धर्तीचे शिक्षण मिळते. तेथील वार्षिक शुल्क आज ६०,००० डॉलरांहून अधिक आहे. सिटी युनिव्हर्सिटीत स्थानिक विद्यार्थ्याला सुमारे ७,००० डॉलर पडतात. कल्पना एकच, पण उंबरठे वेगळे. शिवाय शुल्काच्या पावतीवर न दिसणारा खर्च असतो तो वेळेचा. नोकरी सांभाळून सत्राला दोनच विषय घेणाऱ्याची पदवी दहाएक वर्षे लांबते आणि राज्याच्या अर्थसाहाय्याचा मोठा भाग दीर्घकाळ पूर्णवेळ शिकणाऱ्यांसाठीच राखलेला होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये याच शहरातील कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांनी अर्थशास्त्राबरोबर इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, तत्त्वज्ञान, शिवाय फ्रेंच व जर्मनही अभ्यासले. हा विस्तार शक्य झाला तो बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीमुळे.

भारतात इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ १९८५ मध्ये आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले. नोकरदार आणि गृहिणी यांना या विद्यापीठांनी पदवीची वाट मोकळी केली. २०२१ पासून श्रेयांक साठवण्याची राष्ट्रीय बँकही आहे. खात्यात श्रेयांक जमा होतील. परंतु कोणता विषय कशाशी जोडावा, हे विद्यार्थ्यासमोर बसून सांगणारा प्राध्यापक त्या खात्यातून मिळत नाही. न्यूयॉर्कमध्ये त्याच्या स्वाक्षरीवाचून आराखडा पुढे सरकतच नाही.