लिहिणे हाही उपचारच



वैद्यकीय नोंदींवरील या परिषदेत स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय सुरू केले. तेव्हापासून लांबलांबचे रुग्ण मोठ्या विश्वासाने या गावी येत आले आहेत. त्या विश्वासाला जागायचे, तर उपचारांइतकाच केसपेपरही चोख हवा.

इंटर्न व निवासी डॉक्टर मित्रमैत्रिणींनो, रात्री दोन वाजता तुम्ही रुग्णाला तपासता, वरिष्ठांना फोन करता, औषध बदलता आणि केसपेपरवर ‘प्रकृती स्थिर’ एवढेच लिहिता. वेळ, नाडी, रक्तदाब, फोनवर मिळालेली सूचना, सही यांतले काहीच कागदावर येत नाही. मग सकाळच्या ड्यूटीवरच्या डॉक्टरला तुमची धावपळ कळत नाही आणि पुढे ग्राहक आयोगापुढे ती सिद्धही करता येत नाही. पेनिसिलीनची अॅलर्जी नोंदवायची राहिली, तर रुग्णाच्या जिवावर बेतते.

लिहिताना चुकले, तर एकच रेघ मारा. खालचा मजकूर वाचता आला पाहिजे. शेजारी दुरुस्ती, तारीख आणि वेळ लिहून सही करा. व्हाइटनर लावलेल्या कागदामुळे प्रामाणिक डॉक्टरवरही संशय येतो.

संमतिपत्रावर नुसती सही पुरत नाही. निदानासाठी दिलेली संमती ही गर्भाशय काढण्याची संमती ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केले आहे. म्हणून शस्त्रक्रिया कोणती, धोके कोणते, पर्याय काय, हे रुग्णाला कळेल अशा भाषेत सांगा आणि सांगितल्याची नोंद करा. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार आंतररुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपायच्या असतात आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्यायच्या असतात. तो त्याचा हक्क आहे.

अध्यापकांना माझी एक विनंती आहे. राउंडला निदान विचारता, तसाच विद्यार्थ्याने लिहिलेला केसपेपरही हातात घेऊन वाचा आणि त्याच्यासमोरच दुरुस्त करा. तरुण मित्रांनो, रुग्णाजवळून उठण्याआधी नोंद पूर्ण करण्याची सवय आजपासूनच लावून घ्या.