तारा बसवलेल्या मुलांचे दुखणे



मी सातवीपर्यंत शिकलेली, काही डॉक्टरीण नव्हे. माझ्या धाकटीच्या दातांना तारा बसवल्या तेव्हाचा अनुभव सांगा, असा मंडळाचा आग्रह झाला, म्हणून उभी आहे.

पोर तेरा वर्षांची. पुण्याहून तारा बसवून यवतला उतरेपर्यंत हसतखेळत होती. रात्री भाकरीचा पहिला घास घेतला आणि रडू लागली. सासूबाई म्हणाल्या, "चिमूटभर मिसरी लाव, दुखणं पळेल." त्यांचा जन्म त्यात गेला. पण मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच! ती मी लेकराच्या तोंडात जाऊ दिली नाही.

तारेच्या दाबाने दात हळूहळू सरकतो, म्हणून ठणका लागतो. पहिले दोन दिवस तो जास्त, आठवड्याभरात बहुधा ओसरतो. तार पुन्हा आवळली की पुन्हा येतो. तेवढे दिवस दुधात कुस्करलेली भाकरी, मऊ खिचडी, ताकातल्या कण्या द्याव्यात. गार ताकाने ठणक्याला बरे वाटते. गोळी डॉक्टरांनी सांगितली तेवढीच. मुलांना ॲस्पिरिन आपल्या मनाने कधीच देऊ नये. आणि आपल्याकडे गुऱ्हाळे लागली की पोरांच्या हातात ऊस आलाच! दातांनी ऊस सोलला की तारा उखडतात. चिक्कीचेही तेच. घोटभर रसाला ना नाही, पण लगेच दात घासायला लावावे.

आता माझी चूक सांगते. दहाव्या दिवशीही ती जेवेना. "आठवड्याचं दुखणं, सोस जरा," म्हणून मी दोनदा रागावले. शेवटी दारात उजेडाला बसवून गाल बाजूला केला, तर मागच्या तारेचे टोक आत रुतलेले आणि वाटाण्याएवढी जखम. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. दातातला ठणका ओसरतो, पण गालात टोचणारी तार आपोआप थांबत नाही, हे मला ठाऊकच नव्हते.

डॉक्टरांनी तारांसाठी दिलेले मेण घरात तसेच पडले होते. तार कापसाने कोरडी करून त्याची हरभऱ्याएवढी गोळी टोकावर दाबून बसवली. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या करवल्या. घरच्या पकडीने टोक तोडू म्हणत होते, ते मी करू दिले नाही. दुसऱ्या दिवशी पुण्याला नेले. टोक कापायला दोन मिनिटेही लागली नाहीत. परतीच्या गाडीत तिने आपणहून केळे मागितले.