वाटेवरचं खाणं



संत निवृत्तिनाथांची पालखी ज्येष्ठात त्र्यंबकेश्वराहून निघते. राहुरी, नगर, मिरजगाव करीत ती आपल्या जिल्ह्यातून पंढरपूरला जाते. आम्हीही दिंडीत चाललो आहोत. सकाळ-संध्याकाळचा स्वयंपाक दिंडीत होतो. रात्री पालात मुक्काम. पण दुपारी पोटात कावळे ओरडू लागले, की पाय हॉटेलाकडे वळतात. गरम मिसळ, वर कांदा, लिंबू! खोटं कशाला बोला, आम्हांलाही ती फार आवडते.

एका वर्षी आम्ही पाच जण असेच एका हॉटेलात बसलो. उसळ कोमट होती. पाण्याच्या पिंपावर झाकण नव्हते. भुकेपुढे कोणी पाहिले नाही. रात्री पालात दोघांना जुलाब-उलट्या सुरू झाल्या. उकळून गार केलेले एक लिटर पाणी घेतले. त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातले. घोट घोट पाजले. एकाला उतार पडला. दुसऱ्या म्हाताऱ्या बाबांचे डोळे खोल गेले, लघवी थांबली. रातोरात दवाखान्यात नेऊन सलाईन लावावे लागले. बाबा वाचले, पण त्यांची वारी तिथेच राहिली.

तेव्हापासून आम्ही आधी उभ्यानेच पाहतो. पातेल्यातून वाफ येते का? पाणी झाकलेले आहे का? भिंतीवर 14 आकडी नंबराचा परवाना लावलेला आहे का? भजी छापील कागदावर दिली, तर ताटली मागतो, कारण शाई पोटात जाते. मालक रागावतो. रागावू द्या.

दराची पाटीही वाचा. मागे आमच्या दिंडीतल्या एक मावशी नुकत्याच वाचायला शिकल्या होत्या. त्या म्हणाल्या, "गुरुजी, पाटीवर 60 लिहिलंय, अन् पोरगा 80 मागतोय!"