स्वदेशी आणि खुली मानके

महाळुंगे पडवळचे सुपुत्र हुतात्मा बाबू गेनू यांनी १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत विदेशी कापडाचा ट्रक अडविताना बलिदान केले. आजचे परावलंबन बंदिस्त संगणकप्रणालीतून येते. प्रत्येक कंपनीच्या मराठी फॉन्टची संकेतावली निराळी असे. एकातील मजकूर दुसऱ्यात निरर्थक चिन्हे होई. यावर देशातच समान संकेतावली, ‘इस्की’, सिद्ध झाली. तिच्या १९८८ च्या आराखड्यावरच युनिकोडमधील देवनागरीची मांडणी बेतलेली आहे. २०१६ मध्ये यूपीआयने निरनिराळ्या बँका एका सूत्रात गुंफल्या. मात्र केवळ देशी शिक्का पुरेसा नव्हे. देशी कुलूपही कुलूपच! ग्रामपंचायतीने, शाळेने प्रणाली घेताना एवढे अवश्य विचारावे : आमच्या नोंदी उद्या दुसऱ्या प्रणालीत वाचता येतील काय? स्वदेशीची कसोटी तीच.