डेव्हीच्या हातातले खडे

आज एका कथेबद्दल बोलायचंय. वाचायला अर्धा तास पुरला, पण दोन आठवडे झाले, डोक्यातून जात नाहीये. शर्ली जॅक्सनची ‘द लॉटरी’. २६ जून १९४८ च्या ‘द न्यूयॉर्कर’च्या अंकात आलेली. मी शेवट सांगणार आहे, तेव्हा वाचायची असेल तर आधी वाचून या.

अमेरिकेतलं तीनेकशे वस्तीचं गाव. २७ जूनची सकाळ. चौकात सगळे जमलेत. पाऊसपाणी, ट्रॅक्टर, कर अशा गप्पा चालल्यात. एका जुन्या काळ्या पेटीतून चिठ्ठ्या काढायच्या. आधी कुटुंब ठरतं, मग त्या कुटुंबातला माणूस. ज्याच्या चिठ्ठीवर काळा ठिपका, त्याला गावाने दगडांनी मारायचं. मग जेवायला घरी.

का? नीट कुणीच सांगू शकत नाही. मी सॉफ्टवेअरवाला. आमच्या जुन्या कोडमध्ये अशी एखादी ओळ असतेच. कुणी लिहिली, कशासाठी, पत्ता नाही. वर फक्त सूचना, ‘हात लावू नका’. मग कुणी लावत नाही. कथेतला म्हातारा वॉर्नर तसाच. सत्त्याहत्तराव्यांदा लॉटरीला उभा आहे, आणि दुसरीकडे ही प्रथा बंद करतायत म्हटल्यावर चिडतो.

ठिपका टेसी हचिन्सनला येतो. ती ओरडते, हे बरोबर नाही. पण तिचं म्हणणं काय, तर चिठ्ठ्या नीट काढल्या नाहीत! त्याआधी तर लग्न झालेल्या मुलीलाही सोडतीत घ्या म्हणते, म्हणजे आपली शक्यता कमी होईल. लॉटरीच नको, असं तीही म्हणत नाही.

पण मी अडकलो तो डेव्हीपाशी. टेसीचा सगळ्यात लहान मुलगा. शेवटी कुणीतरी त्याच्याही हातात चार खडे देतं.

मी चौथीत असताना कोकणातल्या आमच्या गावात एका घराला वाळीत टाकलं होतं. त्या घरचा मुलगा माझ्या बाकावर बसायचा. आजी म्हणाली, “त्याच्याशी बोलायचं नाही.” मी बाक बदलला. गणपतीत आमची मंडळी आरतीला घरोघर जायची. त्या वर्षी ते घर सोडून पुढे गेलो. तो खळ्यात उभा राहून बघत होता. टाळ माझ्या हातात होते, आणि मी ते वाजवत होतो.

मारलं कुणीच नाही. म्हणूनच तर इतकी वर्षं मला त्यात काही वाटलं नाही.

कथा आल्यावर जॅक्सनबाईंना त्या उन्हाळ्यात तीनशेच्या वर पत्रं आली. बरीच चिडलेली. पण काहींनी चक्क विचारलं होतं, ही लॉटरी कुठे होते, आम्हाला बघायला मिळेल का?

आपल्याकडे सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा आहे, २०१७ पासून लागू. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. चांगलंच आहे. पण बाक बदलणाऱ्या चौथीतल्या पोराला कायदा काय विचारणार? ते मलाच विचारावं लागेल.

परवा बाबांना फोन करून कारण विचारलं. म्हणाले, “जुनं आहे रे, सोड.” कारण त्यांनाही सांगता आलं नाही.

त्या मित्राचा नंबर मिळवलाय. अजून फोन केलेला नाही. काय बोलायचं, ते सुचत नाहीये. पण पुढच्या भागाच्या आत करणार, हे तुमच्यासमोर सांगून ठेवतो.

भेटू.