गोष्ट कुणाची?

फ्रँक बॉम यांची 'द वंडरफुल विझर्ड ऑफ ऑझ' ही बालकादंबरी अमेरिकेत १९०० साली आली. कॅन्ससची डोरोथी वावटळीत घरासकट उडते, ऑझच्या मुलखात पडते आणि परतीची वाट शोधते. १९३९च्या चित्रपटाने तिला जगभर नेलं. पण डोरोथी म्हणजे गोरी मुलगी, हे जणू ठरूनच गेलं.

५ जानेवारी १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 'द विझ' हे संगीत नाटक आलं. त्यातले सगळे कलावंत कृष्णवर्णीय. संगीत मुख्यतः चार्ली स्मॉल्स यांचं, दिग्दर्शन त्रिनिदादच्या जेफ्री होल्डर यांचं. डोरोथी झाली होती सतरा वर्षांची स्टेफनी मिल्स. वावटळ तीच, बुजगावणंही तेच. गाण्यांत मात्र सोल आणि गॉस्पेलचे सूर. नाटक लवकरच बंद पडेल अशी चिन्हं होती. प्रेक्षकांनी, विशेषतः कृष्णवर्णीय प्रेक्षकांनी, ते तारलं. सात टोनी पुरस्कार मिळाले आणि प्रयोग १९७९पर्यंत चालले.

मला हे नाटक जवळचं वाटतं, त्याला कारण आहे. कविसंमेलनात माझी कविता संपली की कुणीतरी कौतुकानेच विचारतं, 'तुमचं नाव असं, मग मराठी इतकं चांगलं कसं?' मी हसून वेळ मारून नेतो. माझ्या आईने मला मराठीतच रागावलं, मराठीतच निजवलं.

डोरोथीला शेवटी कळतं, घरी नेणारे जोडे सारा वेळ तिच्याच पायांत होते. माझी मराठीही मी कुणाकडून मागून आणलेली नाही. पुढच्या वेळी मी नुसता हसणार नाही, एवढं सांगेन.